शुक्रवारची बाग आणि शनिवारचा प्लॉट

शुक्रवार, रात्री साडेदहा

टीव्हीवरचा बागकामाचा कार्यक्रम ‘गार्डनर्स वर्ल्ड’ आत्ताच संपला. लेक झोपायला जाता जाता विचारून गेली, “आई, त्यांच्या बटाट्यांना चिखल का लागत नाही?” मी नुसतं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. प्रश्न मात्र मनातून जाईना, म्हणून वही काढली.

बीबीसी टूवर हा कार्यक्रम १९६८ पासून चालू आहे आणि गेली बारा वर्षं मी तो चुकवलेला नाही. मार्च ते ऑक्टोबर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या घरी जेवण लवकर होतं ते यासाठीच. अलॉटमेंटच्या, म्हणजे भाजीपाला पिकवायला भाड्यानं मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्याच्या, यादीत नाव घालायची इच्छा मला त्यातूनच झाली, हे आधी लिहून ठेवते. कार्यक्रमाचे सूत्रसंचालक मॉन्टी डॉन हेरफर्डशरमधल्या स्वतःच्या बागेत उभं राहून इतक्या शांतपणे बोलतात की दिवसभर ऑफिसात आकडे जुळवून आलेल्या माणसाला वाटतं, आपणही उद्या सकाळी माती खणायचा फोर्क घेऊन बाहेर पडावं. ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्या बागेतली बॉक्स नावाच्या झुडपाची कुंपणं रोगानं गेली तेव्हा ती उपटून टाकल्याचंही त्यांनी दाखवलं. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे, आणि ते आज लेकीच्या प्रश्नामुळे मला नीट सापडलं.

आज पडद्यावर फोर्क मातीत गेला, एकदा मागे रेलला, आणि आठ-दहा पिवळसर गोरे बटाटे भुसभुशीत काळ्या मातीतून वर आले. हातानं झटकले की स्वच्छ. ती माती तशी व्हायला तीस वर्षांचं कंपोस्ट लागलं असेल. पण त्याहून मोठं कारण असं की त्या दिवशी मातीला वाफसा होता.

वाफसा. इंग्रजीत याला एकच नेमका शब्द मला अजून भेटलेला नाही. पाऊस होऊन गेला, पाणी खाली मुरलं, माती ओली आहे पण पायाला चिकटत नाही, मूठ दाबली तर गोळा होतो आणि सोडला तर फुटतो, ती वेळ. पुणे जिल्ह्यातल्या आमच्या सातगाव पठारावर आबा जूनमध्ये रोज पहाटे बांधावर जाऊन मूठभर माती उचलायचे आणि परत यायचे. “अजून नाही,” एवढंच म्हणायचे. चार-चार दिवस बैल गोठ्यात बसून असायचे आणि कुणी घाई करायचं नाही. वाफशाआधी औत घातलं तर वर्षभर ढेकळांशी झगडावं लागतं हे लहान पोरांनाही माहीत होतं.

माझा प्लॉट इंग्लंडच्या मध्यभागी, मिडलँड्समध्ये आहे आणि इथली माती लाल चिकण आहे. ओली असली की बुटाला दोन-दोन किलो चिकटते, वाळली की वीट होते. या दोन्हींच्या मध्ये जो वाफसा येतो तो वसंतात कधी तीन दिवस टिकतो, कधी एकच दुपार. ती दुपार मंगळवारची असली तर मी ऑफिसात असते. कार्यक्रमाच्या शेवटी ‘या वीकेंडची कामं’ सांगतात, आणि मी पहिली दोन वर्षं शनिवारी सकाळी ती यादी घेऊन प्लॉटवर जायचे. पावसात खणायचे. त्या वर्षीचे गाजराचे वाफे मी स्वतःच्या हातानं विटांचे करून ठेवले. मला वाफसा शिकवणारा माणूस घरात होता, आणि तरी मी वीकेंडची यादी मानली.

टीव्हीला शुक्रवार असतो. चित्रीकरणाचा दिवस ठरलेला, माणसं ठरलेली, अर्ध्या-एक तासात काहीतरी पेरून, काहीतरी काढून दाखवायचं ठरलेलं. ‘अजून नाही’ हे वाक्य त्यात बसत नाही. आणि भाजीपाल्याच्या कामातला अर्धा भाग तर ‘अजून नाही’ हाच आहे.

लहानपणी आमच्याकडे ‘आमची माती आमची माणसं’ लागायचं. आबा पायरीजवळ बसून बघायचे. समोर कुणी तज्ज्ञ खुर्चीत बसून बोलायचे, चित्रं फारशी नसायची, आम्हा पोरांना कंटाळा यायचा. पण आबा मध्येच म्हणायचे, “लिही गं, किती ग्रॅम म्हणाला?” आणि मी वहीच्या मागच्या पानावर लिहायचे. ज्यांचे हात आधीच मातीत आहेत त्यांच्याशी तो कार्यक्रम बोलत होता. इथला कार्यक्रम सोफ्यावर बसलेल्याला उठवण्यासाठी केलेला आहे. उठवण्याचं काम तो उत्तम करतो, मला उठवलंच. पण उठून प्लॉटवर गेलेल्या माणसाशी मात्र तो फार थोडं बोलतो.

२०१४ मध्ये बीबीसीनं अलॉटमेंटची स्पर्धाही केली होती, ‘द बिग अलॉटमेंट चॅलेंज’. ऑक्सफर्डशरमधल्या मेपलडरहॅमच्या एका भिंतीआडच्या जुन्या बागेत नऊ जोड्या. पिकवायचं, फुलं रचायची, मुरंबे-चटण्या करायच्या, आणि परीक्षक येऊन गुण देणार. तेव्हा माझं नाव अजून यादीत होतं, मी प्रत्येक भाग डोळे भरून पाहिला. आज आठवते ती टेबलावर ओळीनं मांडलेली भाजी, सगळी एका मापाची. प्लॉट मिळाल्यावर कळलं की एका मापाची भाजी मिळवायला बाकीची कुठेतरी ठेवावी लागते, आणि ती बाकीचीच आमचं जेवण असते.

झोपायला हवं. आठवडाभर रिपरिप आहे, रात्रीही गार होत नाही. मला ती हवा आवडत नाहीये.

शनिवार, दुपार

करपा आलाय.

सकाळी सातला शेजारच्या प्लॉटच्या काकांचा फोन. ते जमैकाहून तरुणपणी इथे आले, आता ऐंशीच्या पुढे आहेत. एवढंच म्हणाले, “ये. बटाट्याचा पाला बघ.” मी चहा तसाच टाकून गेले.

मॅरिस पायपर जातीच्या बटाट्याच्या दोन सऱ्या. पानांच्या कडांना तपकिरी डाग, डागाभोवती फिकट हिरवी कड. पान उलटं केलं तर खाली पांढरी बुरशी. खोडांवर काळे पट्टे. परवा संध्याकाळी यातलं काहीच नव्हतं. इथे यासाठी एक मोजमाप आहे. लागोपाठ दोन दिवस तापमान १० अंशांच्या खाली उतरलं नाही, आणि दोन्ही दिवशी किमान सहा तास हवेत ९० टक्के किंवा अधिक आर्द्रता राहिली, की करप्याचा धोका समजायचा. आम्हाला तशी हवा पाच दिवस मिळाली.

टोमॅटोही तोच रोग घेतात. उघड्यावरच्या बारा झाडांपैकी सात गेली. फळं अजून हिरवी होती, आणि हिरव्या फळावर तो करडा, तेलकट डाग बघवत नाही. बी मार्चमध्ये खिडकीत पेरलं होतं. एप्रिलमध्ये रोपं रोज सकाळी बाहेर आणि संध्याकाळी आत. मेच्या मध्यावर थंडीची भीती सरल्यावर लावणी. नंतर रात्री टॉर्च घेऊन शेंबड्या गोगलगायी वेचल्या, जवळजवळ तीन आठवडे, कारण त्यांना मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांवर २०२२ पासून इथे बंदी आहे आणि ती बंदी मला मान्य आहे, हेजहॉग नावाचे छोटे काटेरी प्राणी आणि पक्षी जगायला हवेत. एवढं सगळं करून झाडं कमरेएवढी झाली होती.

आबांना व्हिडिओ कॉल केला, पान कॅमेऱ्यासमोर उलटं धरलं. त्यांनी क्षणभरही घेतला नाही. “करपा. उशिराचा.” पठारावर खरिपाचा बटाटा पावसावरच असतो, श्रावणातल्या धुक्यात करपा यायचाच. आबा पाठीवर पंप घेऊन मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मारायचे, आई मागून पाण्याची घागर घेऊन. “काय मारलंस?” त्यांनी विचारलं. काही नाही, आबा. इथे घरगुती बागेला करप्यावर मारायचं औषधच मिळत नाही, मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रणसुद्धा २०१३ पासून बंद. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मग पाला काप आत्ताच्या आत्ता. जमिनीलगत. बटाट्याला हात लावू नको. वरची बुरशी मरू दे, साल घट्ट होऊ दे. तीन आठवडे.”

काकांनीही हेच सांगितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. किंग्स्टनजवळच्या डोंगरातून आलेला एक माणूस आणि आंबेगाव तालुक्यातला एक माणूस, दोघं एकमेकांना कधी भेटणार नाहीत.

चार तास कापत होतो. काकांनी त्यांचं संपवलं आणि न विचारता माझ्या दुसऱ्या सरीला बसले. पाला पोत्यांत भरला, कंपोस्टच्या ढिगावर एक पान जाऊ दिलं नाही. १८४५ नंतर आयर्लंडात ज्या रोगानं माणसं उपाशी मेली तो हाच, हे मला पुस्तकातून माहीत होतं. आज हाताला त्याचा वास आहे, साबणानं जात नाही.

पडद्यावर करपा भूतकाळात येतो. ‘गेल्या वर्षी आमचे टोमॅटो करप्यानं गेले’, असं एक वाक्य, आणि बोलणाऱ्याच्या मागे यंदाची हिरवी झाडं. ते वाक्य म्हणजे आजचे चार तास आहेत, आणि त्याआधीचे पाच महिने.

बुधवार

ऑफिसातून थेट प्लॉटवर. घेवडा तोडला, रनर बीन म्हणतात तो, लाल फुलांचा. दोन किलो तरी असेल. करप्यानं नेलेल्या जागेकडे मुद्दाम बघितलं नाही.

अलॉटमेंटबद्दल टीव्हीवर कधी न पाहिलेली एक गोष्ट लिहायची राहिली होती. तिथे माळी एकटा असतो, सोबत फार तर कुत्रा. आमच्याकडे साठ प्लॉट आहेत आणि कुठलंच पीक एकट्याचं नसतं. काका ज्याला कॅलालू म्हणतात तो आपला माठच आहे, हे मला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. तेव्हापासून त्यांचा माठ माझ्याकडे आणि माझी मेथी त्यांच्याकडे. पलीकडच्या आजी ज्याला फॅट हेन म्हणून तण समजून उपटतात तो चाकवत. मी त्यांना मागून घेते, ताक आणि डाळीचं पीठ लावून पातळ भाजी करते, एकदा त्यांना डबाही दिला. आता त्या स्वतःहून चाकवताची जुडी माझ्या शेडच्या कडीला अडकवून जातात.

पूर्ण प्लॉट दहा रॉडचा असतो, सुमारे २५० चौरस मीटर. रॉड म्हणजे साडेसोळा फूट बाय साडेसोळा आणि आपला गुंठा तेहतीस फूट बाय तेहतीस, म्हणजे चार रॉडांचा बरोबर एक गुंठा. माझा अर्धा प्लॉट सव्वा गुंठा भरतो. आबांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं त्यांना ते क्षेत्र फार लहान वाटेल. ते म्हणाले, “बरंय. तेवढ्यावर रोज नजर राहते.”

रविवार, तीन आठवडे झाले

काल काढायचे होते. शुक्रवारी रात्री पाऊस झाला. कार्यक्रमात वीकेंडच्या कामांत कांदे उचलायला सांगितले होते, माझे कांदे शेडमध्ये वाळत पडलेत. काल मी प्लॉटवर गेले, मूठभर माती उचलली, परत आले. लेक बरोबर होती. तिनं विचारलं, “काढायचे नाहीत?” मी म्हटलं, अजून नाही.

आज दिवसभर वारा होता. चारला गेलो. काका त्यांच्या खुर्चीवर बसलेले. मी आबांना कॉल लावला, तिकडे रात्रीचे साडेआठ, जेवून अंगणात बसले होते. फोन लेकीच्या हातात दिला आणि सांगितलं, कॅमेरा मातीवर धर. कापलेल्या खुंटाजवळ हात घातला, विटकरी लाल माती वर काढली.

“दाब,” आबा म्हणाले. दाबली.

“आता सोड कमरेइतक्या उंचीवरून.”

गोळा पडला आणि फुटला. लेकीनं फोन इतका जवळ नेला होता की त्यांना फक्त मातीचे तुकडे दिसले असतील.

“काढा,” आबा म्हणाले.