छपरावर अडलेली हवा : ट्रेलर-प्रवासातला तिसरा मुक्काम

गाडीमागे जोडून नेण्याच्या, राहण्याची सोय असलेल्या ट्रेलरमधून केलेल्या वीस दिवसांच्या या प्रवासात आमचे पाच मुक्काम ठरले होते आणि त्यांपैकी तिसऱ्या मुक्कामाचा जवळजवळ एक पूर्ण दिवस ट्रेलरच्या छपरावर गेला. बाकीच्या चार मुक्कामांविषयी विशेष सांगण्यासारखे काही नाही. रस्ते चांगले होते आणि पाऊस लागला नाही. या एका मुक्कामाविषयी मात्र सविस्तर लिहितो आहे, कारण ज्या बिघाडाने आम्हांला आठवडाभर छळले तो वेळीच ओळखला असता तर पहिल्याच संध्याकाळी दूर झाला असता, आणि ट्रेलर घेऊन निघणाऱ्या कोणालाही तो कधी ना कधी गाठू शकतो.

आमचा ट्रेलर निघण्यापूर्वी चार महिने झाडाखाली उभा होता. टायर, ब्रेक, दिवे, गॅसची नळी आणि बॅटरी यांची तपासणी मी केली, छपरावर चढून सांध्यांना चिरा पडल्या आहेत का तेही पाहिले. छपरावरच्या दोन व्हेंट पाइपांच्या, म्हणजे मैल्याच्या व सांडपाण्याच्या टाक्यांतली हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या नळ्यांच्या, टोप्या बाहेरून धडधाकट दिसत होत्या, म्हणून त्या उघडून आत पाहावे असे मनात आले नाही. पुढचा सगळा खटाटोप या एका वगळलेल्या तपासणीतून उभा राहिला.

पहिल्या मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी शौचालयातले पाणी सोडण्याचे पेडल दाबले की खालून एक मोठा बुडबुडा वर येऊ लागला आणि त्याच्यामागून सडक्या अंड्यासारखा वास. मैल्याच्या टाकीत टाकण्याचे औषध कमी पडले असावे असे समजून मी त्याची मात्रा वाढवली. फरक पडला नाही. मग न्हाणीच्या आणि बेसिनच्या पी-ट्रॅपमधले, म्हणजे वास अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या नळीतले, पाणी प्रवासात हिंदकळून गेले असेल, असा तर्क केला. तो तर्क मुळात चुकीचा नव्हता, कारण गाडीच्या धक्क्यांनी ट्रॅप खरोखरच कोरडे होतात आणि टाकीतली हवा तिथून सरळ घरात येते. पण सगळ्या ट्रॅपमध्ये पाणी ओतूनही वास तसाच राहिला. तिसरा संशय शौचकूपाच्या रबरी सीलवर घेतला. रात्री भांड्यात थोडे पाणी भरून ठेवले आणि सकाळी पाहिले तर पाण्याची पातळी तेवढीच होती, म्हणजे सीलही निर्दोष होते.

उत्तर मिळाले ते टाकी रिकामी करताना. एरवी दोन-तीन मिनिटांत मोकळी होणारी टाकी त्या दिवशी गटांगळ्या खाल्ल्यासारखी थांबत थांबत वाहत होती. पाइपातून थोडे पाणी येई, मग घळघळ आवाज होई, क्षणभर प्रवाह थांबे आणि पुन्हा सुरू होई. तेवढ्यात आत भांडे धुण्यासाठी पत्नीने पेडल दाबून धरले आणि बाहेरच्या पारदर्शक जोडनळीतला प्रवाह एकाएकी भरून धावू लागला. पेडल सोडले की पुन्हा तीच घळघळ. आम्ही हे चार वेळा करून पाहिले आणि चारही वेळा तसेच घडले. टाकीला पाण्याच्या जागी हवा हवी होती आणि ती वरून मिळत नव्हती, हे त्या क्षणी स्पष्ट झाले. वासाची तक्रार असेल तर औषध बदलण्याआधी प्रत्येकाने ही चाचणी करावी, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. तिला कोणतेही अवजार लागत नाही आणि ती नेमके दोषाकडे बोट दाखवते.

यामागचे काम समजून घेणे उपयोगाचे आहे. ट्रेलरमध्ये शौचालयाची एक आणि बेसिन-न्हाणीच्या सांडपाण्याची दुसरी अशा साधारणपणे दोन टाक्या असतात, आणि प्रत्येक टाकीच्या माथ्यावरून साधारण ३८ मिलिमीटर, म्हणजे दीड इंच व्यासाचा प्लॅस्टिकचा पाइप भिंतीतून किंवा कपाटातून वर जाऊन छपराबाहेर निघतो. टाकीत एक लिटर पाणी पडले तर एक लिटर हवेला बाहेर जावेच लागते, आणि टाकी रिकामी करताना तेवढीच हवा आत यावी लागते. ही दोन्ही कामे तो एकच पाइप करतो. मैला कुजताना निघणारे मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायूही त्याच वाटेने छपरावरून वाऱ्यात मिसळतात. ती वाट बंद झाली की पेडल दाबताच उघडणारी शौचालयाची झडप ही हवेला उरलेली सर्वांत सोपी वाट ठरते, आणि बुडबुडा व वास तिथूनच येतात. सांडपाण्याच्या टाकीचा व्हेंट बंद असेल तर बेसिनचे पाणी गुळगुळ आवाज करत सावकाश उतरते आणि कधी ट्रॅपमधले पाणीही ओढले जाते. यातला वास केवळ किळसवाणा असतो असे नाही. हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे आणि त्याचे प्रमाण वाढले की नाक बधिर होऊन तो जाणवेनासा होतो, म्हणून वास आपोआप कमी झाला तरी बिघाड सुटला असे समजू नये.

तिसऱ्या मुक्कामी पोहोचल्यावर जागा सपाट होती आणि वारा पडलेला होता, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी काम करायचे ठरवले. आदल्या दिवशीच दोन्ही टाक्या रिकाम्या केल्या होत्या. चाकांना पाचरी लावल्या आणि चारही कोपऱ्यांचे जॅक टेकवले, कारण मोकळ्या उभ्या ट्रेलरच्या छपरावर माणूस चालू लागला की तो झोकांड्या खातो. शिडी छपराच्या कडेच्या वर साधारण एक मीटर येईल अशी आणि उंचीच्या एक-चतुर्थांश अंतरावर पाय ठेवून लावली, आणि पत्नी ती धरून उभी राहिली. सगळ्याच ट्रेलरची छपरे माणसाचे वजन पेलणारी नसतात, म्हणून निर्मात्याच्या माहितीपुस्तकात तसे लिहिले आहे का ते आधी पाहावे; नसल्यास शिडीवरूनच हात पोहोचेल तेवढे काम करावे. मी प्लायवूडचा एक रुंद तुकडा वर नेला आणि गुडघे त्यावर टेकूनच सरकलो, त्यामुळे वजन दोन-तीन आडव्या फळ्यांवर विभागले गेले. दव वाळल्याशिवाय मात्र वर पाय ठेवू नये. ओले रबरी छप्पर विलक्षण निसरडे असते.

वर गेल्यावर कोणती टोपी कोणत्या टाकीची, हे ओळखावे लागते. शौचालय जिथे आहे त्याच्या जवळची टोपी बहुधा मैल्याच्या टाकीची असते, पण नुसत्या अंदाजावर न राहता मी टोपीच्या फटीशी पातळ कागदाचा एक तुकडा धरला आणि पत्नीला आत जाऊन शौचालयात बादलीभर पाणी ओतायला सांगितले. मोकळ्या व्हेंटवर हा कागद फडफडायला हवा. आमचा कागद जराही हलला नाही. उदबत्ती, काडी किंवा मेणबत्तीच्या धुराने ही तपासणी करण्याचा मोह कोणी करू नये, कारण पाइपातून येणारे मिथेन ज्वलनशील असते. त्याच कारणाने साधा व्हॅक्युम क्लीनर पाइपाला लावून कचरा ओढू नये. त्याच्या मोटरमध्ये ठिणग्या पडतात.

आमची टोपी एकसंध होती आणि तिचे स्क्रू जुन्या सीलंटच्या (फटी बुजवणाऱ्या लेपाच्या) थराखाली दडलेले होते. केस वाळवण्याच्या यंत्राने थर थोडा कोमट करून प्लॅस्टिकच्या पात्याने खरवडला. धातूचे पाते वापरले असते तर खालच्या रबराला चीर पडली असती. स्क्रूंच्या खाचा चौकोनी होत्या, आणि त्यांना बसणारे टोक माझ्या पेटीत होते म्हणून काम अडले नाही. अनेक ट्रेलरमध्ये असेच स्क्रू असतात, तेव्हा ते टोक सोबत ठेवावे.

टोपी निघाली आणि कारण समोर आले. पाइपाच्या तोंडाखाली वीतभर अंतरावर कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते आणि त्यावर टोपीच्या फटीतून आलेली वाळकी पाने साचून बूच बसले होते. ही माशी ओल्या मातीच्या लहान नळ्या करते, त्यांत बधिर केलेले कोळी भरते आणि अंडे घालून तोंड लिंपते. अरुंद, कोरडी आणि वाऱ्यापासून आडोशाची नळी तिला हवीच असते, आणि चार महिने न हललेल्या ट्रेलरचा व्हेंट तिला सर्वार्थाने सोयीचा होता. घर रिकामे होते, तरीही मी हातमोजे घातलेले होते आणि चेहरा बाजूला ठेवून काम केले. असे बूच फोडताना खाली अडलेला वायू एकदम वर येतो, म्हणून पाइपावर वाकून आत पाहू नये.

इथे मला एका गोष्टीवर भर द्यावासा वाटतो. पहिली ऊर्मी काठी घालून सगळे खाली ढकलण्याची होते, आणि ती आवरली पाहिजे. माती टाकीत पडून विरघळेल, पण काटक्या आणि पाने खाली गेली तर ती टाकीच्या झडपेच्या खोबणीत अडकू शकतात आणि मग झडप नीट मिटत नाही. छपरावरचा तासाभराचा उपद्रव तळाशी गळतीच्या रूपाने उभा राहतो. मी जाड तारेच्या टोकाला बारीक आकडा केला, तारेला अर्ध्या मीटरवर चिकटपट्टीची खूण केली, आणि बूच थोडे थोडे सैल करून वर ओढले. पाने सहज आली. माती मात्र भिंतीला धरून होती. ती थोड्या पाण्याने ओली करून मऊ झाल्यावर चमच्यासारख्या वाकवलेल्या पट्टीने काढली. या एवढ्याशा भागाला चाळीस मिनिटे लागली, पण टाकीत मूठभर मातीखेरीज काही गेले नसावे.

त्यानंतर नाली साफ करण्याची लवचीक तार खालपर्यंत घालून पाइप पूर्ण मोकळा असल्याची खात्री केली. मग टाकीची झडप बंद ठेवून नळीने मंद धारेचे पाणी पाइपात सोडले. ते न साचता टाकीत पडत असल्याचा आवाज आला. ही धार मंदच असावी आणि नळीचे तोंड पाइपाला घट्ट बसवू नये, नाहीतर टाकीत दाब वाढून सगळे शौचालयातून उसळण्याचा धोका असतो. टाकी भरत नाही ना, याकडे आतल्या माणसाने लक्ष ठेवावे. शेवटी कागदाची चाचणी पुन्हा केली आणि बादलीच्या पहिल्याच ओतण्याला कागद हातातून उडाला.

पाइप मोकळा झाला म्हणजे काम झाले असे नाही; माझ्या मते खरे जोखमीचे काम त्यानंतरचे आहे. बंद व्हेंट वास देतो, पण नीट न बसवलेली टोपी पाणी आत घेते, आणि छपराच्या लाकडात मुरलेले पाणी लक्षात येईपर्यंत लाकूड कुजलेले असते. म्हणून सैल सीलंट पूर्ण काढून जागा साबणाच्या पाण्याने धुतली, वाळवली आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. रबरी छपरावर पेट्रोलियमयुक्त द्रावक वापरू नयेत, कारण त्यांनी ईपीडीएम, म्हणजे अशा छपरांचे कृत्रिम रबर, फुगते. साधे सिलिकॉनही टाळावे. ते या रबराला नीट धरत नाही आणि एकदा लावले की त्यावर दुसरे काहीही चिकटत नाही. उन्हाने ठिसूळ झालेली जुनी टोपी मी टाकून दिली, नव्या टोपीच्या बैठकीखाली ब्यूटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, लावला, स्क्रू आवळले आणि बैठकीच्या कडांवर व प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर स्वतः पसरणारे लॅप सीलंट सोडले. हे सीलंट छपराच्या सपाट भागासाठीच असते; उभ्या कडेवर ते ओघळते आणि तिथे न ओघळणारा प्रकार लागतो. आपले छप्पर ईपीडीएमचे, टीपीओ या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे की फायबरग्लासचे, हे निघण्याआधीच माहीत करून त्याला जुळणाऱ्या सीलंटची एक नळी सोबत ठेवावी.

व्हेंटच्या तोंडावर लावायच्या जाळीविषयी माझे मत सांगतो. कुंभारीण आत शिरू नये इतकी बारीक जाळी लावली तर ती धूळ आणि कोळिष्टकांनी स्वतःच बुजते, आणि थंडीत तिच्यावर हिमकण गोठतात. मी साधारण ६ मिलिमीटर छिद्रांची गंज न धरणारी जाळी लावली आहे. ती पाने आणि पक्षी अडवेल, माशी अडवणार नाही. माशीसाठी उपाय एकच, दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या ट्रेलरची टोपी निघण्यापूर्वी उघडून विजेरीने आत पाहणे.

त्याच दुपारी दुसरी टोपीही उघडली. ती मोकळी होती, पण सांडपाण्याचा पाइप छपराच्या पातळीच्या बोटभर खाली सरकलेला आढळला. असा पाइप वायू छपराच्या पोकळीत सोडतो, आणि तो आणखी खाली घसरून टाकीत बुडला तर टाकी भरत आल्यावर कोणताही अडथळा नसताना व्हेंट बंद पडतो. तो वर ओढून बैठकीत घट्ट केला. ओट्याखालच्या बेसिनशी वास येत असेल तर तिथे बसवलेली हवा आत घेणारी एकदिशा झडप तपासावी. तिचे रबर वाळले की ती उघडीच राहते, आणि ती हाताने फिरवून बदलता येते. शौचालयातला छतपंखा चालू ठेवून पेडल दाबण्याची सवयही सोडावी, कारण पंखा बाहेर टाकलेल्या हवेची भरपाई टाकीतून करून घेतो आणि व्हेंट निर्दोष असूनही वास येतो.

चौथ्या मुक्कामावरून निघताना टाकी रिकामी केली तेव्हा पेडलला कोणीही हात लावला नव्हता. प्रवाह सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा वाहिला आणि टाकी तीन मिनिटांच्या आत मोकळी झाली. पाचव्या मुक्कामी छपरावर चढून सीलंटची कडा बोटाने दाबून पाहिली; वरचा थर पक्का झाला होता, आत अजून थोडा मऊपणा होता, म्हणून ट्रेलर धुण्याचे काम आणखी काही आठवडे पुढे ढकलले आहे.