ठराववहीतले पाणी

आमच्या भागातील ग्रामपंचायतींच्या ठराववह्या वाचण्याची मला जुनी खोड आहे. पाण्यासंबंधीचे ठराव शोधू लागलो की त्यांत बहुतेक वेळा तेच ते प्रकार हाती लागतात: पाणीपुरवठ्याची मोटार जळाली म्हणून दुरुस्तीच्या खर्चास मंजुरी, पाणी निर्जंतुक करण्याच्या टीसीएल पावडरच्या खरेदीस मंजुरी, आणि फाल्गुन उजाडला की टँकरची मागणी. ज्या विहिरीवर ही सारी व्यवस्था उभी आहे तिच्यात पाणी कुठून येते, यंदा ते किती आले, आणि ते वैशाखापर्यंत टिकावे म्हणून पंचायत काय करणार आहे, याविषयीचा ठराव मात्र क्वचितच सापडतो. नळयोजना ही पंचायतीची आणि पाणी हे निसर्गाचे, अशी काहीशी वाटणी आपण मनातल्या मनात करून टाकलेली दिसते.

कायद्याने तशी वाटणी केलेली नाही. 73व्या घटनादुरुस्तीने 1993 साली पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला, आणि तिच्यासोबत आलेल्या अकराव्या अनुसूचीतील 29 विषयांत पिण्याचे पाणी आहेच, शिवाय लघुसिंचन, जलव्यवस्थापन व पाणलोट क्षेत्र विकास हा विषय त्याच्याही बराच आधी, तिसऱ्या क्रमांकावर आहे. म्हणजे स्रोताची काळजी हे पंचायतीचे काम आहे, यात शंका घेण्याचे कारण नाही. अडचण आहे ती त्या कामासाठी मिळणारा पैसा कोणत्या रूपात येतो, यात.

पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा 60 टक्के भाग बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच खर्च करता येईल असा, ठेवला; त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी, आणि निम्मा पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याचे संकलन व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. कागदावर ही तरतूद उत्तम आहे, आणि आजवर पंचायतींना पाण्यासाठी हक्काचा म्हणता येईल असा इतका नियमित निधी क्वचितच मिळाला असेल. परंतु गावाचा विकास आराखडा तयार होतो तेव्हा या पैशांतून साधारणपणे पाइपलाइन, टाकी, शुद्धीकरणाचे यंत्र आणि गटार हीच कामे घेतली जातात, कारण या कामांचे अंदाजपत्रक सहज बनते, मोजमाप पुस्तिकेत त्यांची नोंद होते, आणि नारळ फोडायला जागाही मिळते. पाझर तलावाच्या सांडव्याची डागडुजी, बंधाऱ्याच्या फळ्या वेळेवर बसवणे, गावाच्या वरच्या अंगाला माळावर चर खोदणे, विहिरीची पातळी दर महिन्याला मोजून लिहून ठेवणे ही कामे लहान, किरकोळ आणि दरवर्षी पुन्हा करावी लागणारी असतात. अशा कामांना कुणी हौसेने हात घालत नाही. त्यातही 100 हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव व बंधारे जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात. ते गावच्या हद्दीत असले तरी दुरुस्ती कोणी करायची यावर कागद इकडून तिकडे फिरत राहतात आणि तेवढ्यात आणखी एक पावसाळा फळ्यांवाचून वाहून जातो.

याउलट टंचाईची व्यवस्था पाहावी. जिल्ह्याचा टंचाई आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत तयार होतो. खासगी विहिरींचे अधिग्रहण, टँकर, तात्पुरती नळयोजना यांचे निकष ठरलेले असतात आणि तहसीलदारापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाला आपले काम माहीत असते. ही यंत्रणा आवश्यक आहे आणि तिने अनेक उन्हाळ्यांत लोकांची तहान भागवली आहे, हे मान्यच करायला हवे. तरीही पाणी संपल्यावरच्या तीन टप्प्यांचा आराखडा तयार आणि पाणी मुरण्याच्या चार महिन्यांचा मात्र नाही, ही विसंगती मला स्वस्थ बसू देत नाही.

येथे थोडा हिशेब मांडणे भाग आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर 10,000 लिटर पाणी पडते. समजा गावाचे क्षेत्र 1,000 हेक्टर आहे, लोकसंख्या 2,000 आहे आणि वर्षाचा पाऊस अवघा 400 मिलिमीटर आहे, म्हणजे अवर्षणप्रवण पट्ट्यातील एखादे नेहमीचे गाव. या गावावर वर्षाला 400 कोटी लिटर पाणी पडते. राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग बेसॉल्टचा, आणि काळ्या पाषाणात पाणी मुरते ते भेगांतून व झिजलेल्या मुरमातून. त्यामुळे मुरणारे पाणी हिशेबापुरते दहावा हिस्सा धरू. तरी 40 कोटी लिटर जमिनीत गेले. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज 55 लिटर धरले तर गावाला पिण्यासाठी आणि घरगुती वापरासाठी वर्षभरात चार कोटी लिटरांच्या आसपास पाणी लागते. म्हणजे मुरलेल्या पाण्याचाही जेमतेम दहावा भाग. तरीही हेच गाव मार्चमध्ये टँकरचा ठराव करते. पाटाने भिजवलेल्या उसाला वर्षभरात एकरी एक कोटी लिटरच्या घरात पाणी लागते, तर ज्वारीला एक संरक्षित, म्हणजे पीक वाचवण्यापुरते, पाणी द्यायचे झाल्यास एकरी साधारण तीन लाख लिटर पुरतात, हे दोन आकडे शेजारी ठेवले की उत्तर मिळते. चार एकर ऊस म्हणजे अख्ख्या गावाचे वर्षाचे पिण्याचे पाणी. ऊस लावणारा शेतकरी खलनायक आहे असे मला म्हणायचे नाही. हमखास दर आणि हमखास खरेदी असलेले दुसरे पीक त्याला आपण फारसे दिलेलेच नाही. पण हा हिशेब ग्रामसभेत फळ्यावर लिहिला जात नाही, तोवर त्यावर चर्चा व्हायची कशी?

तो लिहिला गेला तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे आणि ते इतक्यांदा सांगितले गेले आहे की वाचकाला त्याचा कंटाळा येण्याची शक्यता आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाविषयी बोलताना बहुतेक जण चर, बंधारे आणि श्रमदान यांवर थांबतात. मला त्यांच्या कामातील सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो तो पाण्याच्या ताळेबंदाचा. तेथील सरपंच राहिलेल्या पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने पर्जन्यमापकावर पाऊस मोजला, विहिरींच्या पातळ्या नोंदवल्या, आणि पावसाळा संपताना ग्रामसभेत पाण्याचा अर्थसंकल्प मांडण्याचा प्रघात पाडला. आधी माणसांचे, मग जनावरांचे, आणि उरेल त्यावर पिकांचे नियोजन असा तो क्रम आहे. सिंचनासाठी बोअर घ्यायची नाही आणि ऊस, केळी यांसारखी पिके लावायची नाहीत, हे निर्णयही ग्रामसभेनेच घेतले. चर आणि बंधारे अनेक गावांत झाले. जलयुक्त शिवारात तर ते राज्यभर झाले. पण साठलेले पाणी कोणी किती उपसायचे हा नाजूक प्रश्न ज्या गावांनी ग्रामसभेत आणला, ती गावे फार थोडी आहेत. भाऊबंदकीत, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वितुष्ट आणणारा हा विषय असल्याने सरपंचाला तो टाळावासा वाटला तर त्यात आश्चर्य नाही. पुढच्या निवडणुकीत मते याच लोकांकडून मागायची असतात.

येथे सरपंचाच्या पाठीशी कायदा किती उभा राहतो? भूजल हे जमिनीच्या मालकीबरोबर येते ही धारणा ब्रिटिश काळापासून चालत आली आहे, आणि तिला मुरड घालण्याचे दोन प्रयत्न महाराष्ट्राने केले. 1993 च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यास मनाई केली. त्यानंतर 2009 चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम आला आणि तो 2014 मध्ये लागू झाला. त्याने 60 मीटरहून खोल विहिरींना खोल विहीर मानून त्यांच्यावर बंधने आणली, आणि पाणलोट क्षेत्राच्या पातळीवर समित्यांची कल्पना मांडली. भूजल गावाची शीव जाणत नाही, म्हणून पाणलोटाचा विचार शास्त्राला धरून आहे. व्यवहारात मात्र बोअरची गाडी रात्री येते, सकाळपर्यंत काम आटोपून निघून जाते, आणि खोली किती गेली हे मालकाला, गाडीवाल्याला व वर ढिगाने पडलेल्या पांढऱ्या भुकटीलाच ठाऊक असते. तक्रार करायची तर पंचायतीने वरच्या कार्यालयाला कळवायचे, भूजल यंत्रणेचा तांत्रिक अभिप्राय यायचा आणि मग कारवाई. जी संस्था त्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तिच्या हाती फक्त पत्र लिहिणे उरते. गाडी गावात शिरण्याआधी ग्रामपंचायतीकडे नोंद करणे सक्तीचे व्हावे आणि नोंद नसेल तर ती थांबवण्याचा अधिकार पंचायतीला असावा, एवढीशी सुधारणाही बरेच काही साधेल असे माझे मत आहे.

मदत कशी असावी याचा चांगला नमुना मला अटल भूजल योजनेत दिसला. 2020 पासून सात राज्यांत राबवलेल्या या 6,000 कोटी रुपयांच्या योजनेत, जिच्यातील निम्मा पैसा जागतिक बँकेच्या कर्जाचा होता, महाराष्ट्रातील 13 जिल्हे होते. तिचे वेगळेपण असे की बांधकामावर पैसे देण्याऐवजी तिने पाण्याची माहिती लोकांसमोर मांडणे, गावाने स्वतःचा जलसुरक्षा आराखडा बनवणे, उपलब्ध सरकारी योजनांचा पैसा त्या आराखड्याभोवती एकत्र आणणे आणि भूजलाची घसरण रोखणे या गोष्टींना प्रोत्साहन निधी जोडला. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाण्याचा ताळेबंद रंगवलेला दिसू लागला. काही ठिकाणी तो रंग वाळण्याआधीच आकडे जुने झाले होते, हेही खरे. तरी विहिरीची पातळी मोजता येणारी, टीसीएम (हजार घनमीटर) म्हणजे किती पाणी हे सांगू शकणारी दोन-चार माणसे ज्या गावात तयार झाली, तेथे चर्चेची पातळी बदलली. एका ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावे, पोर्टलवरच्या नोंदी आणि घरकुलांची यादी असताना त्याच्याकडून भूजलशास्त्राची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. तालुक्याला एक भूजलतज्ज्ञ नेमून तो आठवड्यातून ठरलेल्या दिवशी पंचायतींना उपलब्ध करून द्यावा.

प्रमाणाबरोबर शुद्धतेचाही प्रश्न आहे, आणि त्यात पंचायतींची घडी त्या मानाने बरी बसली आहे. स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, होते आणि जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल कार्डाची बातमी तालुक्याच्या पानावर छापून येते, त्यामुळे जलसुरक्षक टीसीएल टाकतो की नाही यावर गावाचे लक्ष राहते. मात्र बंधित निधीच्या स्वच्छतेच्या भागातून बांधलेली गटारे गावाबाहेर ओढ्यात सोडली जातात आणि त्याच ओढ्याच्या काठावर खालच्या वस्तीची पाणीपुरवठ्याची विहीर असते, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. एकाच अनुदानाच्या एका निम्म्याने पाणी घाण करायचे आणि दुसऱ्या निम्म्याने शुद्धीकरणाचे यंत्र घ्यायचे, असा हा कारभार होतो. घरोघरी शोषखड्डे घेतले तर गटारांची लांबी आणि खर्च दोन्ही कमी होतात आणि सांडपाणी ओढ्यात जाण्याऐवजी जागेवरच मुरते. फक्त ते विहिरींपासून पुरेसे दूर हवेत.

आता ग्रामसभेच्या तारखांविषयी. प्रथेप्रमाणे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात. यांपैकी 2 ऑक्टोबरची सभा पाण्यासाठी अगदी योग्य वेळी येते, कारण पाऊस बहुतेक संपलेला असतो आणि रब्बीचा निर्णय अजून पूर्ण व्हायचा असतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची मोजणी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये करते; तिचे ऑक्टोबरचे निष्कर्ष गावापर्यंत पोचेपर्यंत पेरणी उरकलेली असते. म्हणून गावाने स्वतःचा पर्जन्यमापक आणि ठरवून दिलेल्या पाच-सहा विहिरींच्या पातळ्या यांवरच पहिला अंदाज बांधावा आणि यंत्रणेच्या आकड्यांनी तो नंतर दुरुस्त करावा. पर्जन्यमापक, मोजपट्टी, नोंदवही आणि नोंद ठेवणाऱ्याला थोडे मानधन, एवढाच याचा खर्च आहे. येत्या विकास आराखड्यात आमच्या पंचायतीने ही बाब घ्यावी असा लेखी अर्ज मी दिला असून तो मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर घेतला गेला आहे. पथदिव्यांच्या विषयानंतर, पण घेतला गेला आहे.