बीएमआय २४.२

आज ऑफिसात हेल्थ चेकअपचा कॅम्प होता. वजन ७० किलो, उंची १७० सेंमी, मशीनमधून चिठ्ठी निघाली, बीएमआय (म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २४.२, ओव्हरवेट. सकाळपर्यंत मी धडधाकट माणूस होतो ना भाऊ! युरोपात हाच आकडा नॉर्मल, तिकडे लाईन २५ ला अन् आपल्या भारतीयांसाठी २३ ला, कारण आपल्याले कमी वजनातच पोटावर चरबी अन् मग शुगर. हे कारण खरं आहे, नाही म्हणत नाही. पण सूत्र काढलं कोणी, तर १८३० च्या दशकात केटेले नावाच्या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञानं, त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता, कोणाचा इलाज नव्हता करायचा! बीएमआय हे नाव तर १९७२ चं. अन् आता त्यावरून सगळे एकमेकाले नंबर विचारून राहिले जसा दहावीचा निकाल, घरी तर्री पोह्यावर बंदी (हे जास्त लागलं). कोणी पोलीस मागे नाही तरी संध्याकाळी अंबाझरीच्या ट्रॅकवर अर्धं ऑफिस हजर. त्यात आमचा जिमवाला पोरगाही, त्याची चिठ्ठी माझ्याहून खराब कारण या सूत्राला स्नायू अन् चरबीतला फरकच कळत नाही. म्हटलं तू काहून आला बे? म्हणे, माहीत आहे सगळं, पण आकडा तर आला ना हातात.