मिंधेपणाचा हिशेब

दक्षिण मुंबईतल्या एका धनाढ्य उद्योजकाचा स्वीय सहायक म्हणून मी सहा वर्षे काम केले आणि 2019 मध्ये ती नोकरी सोडली. सोडायला इतका उशीर का लागला, असे अनेकांनी विचारले. भीती हे त्याचे उत्तर नव्हते. मी त्यांचा मिंधा होतो.

2014 मध्ये साताऱ्याला वडिलांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा शेठनी शस्त्रक्रियेसाठी तीन लाख रुपये एका तासात भरले. त्या बदल्यात त्यांच्या हिशेबनिसाने माझ्याकडून दोन कोरे सही केलेले धनादेश आणि पदवीचे मूळ प्रमाणपत्र ठेवून घेतले, आणि त्या क्षणी मला त्यात काहीही वावगे वाटले नाही. पुढे पगारातून हप्ता कापून घ्या, असे मी तीनदा सांगितले. दर वेळी उत्तर एकच : ‘‘राहू दे रे, तू घरचाच आहेस.’’ फेडलेल्या कर्जापेक्षा न फेडलेले कर्ज त्यांच्या अधिक उपयोगाचे होते, हे कळायला मला चार वर्षे लागली.

घरचा असल्यामुळे रात्री दोनला फोन उचलायचा, दिवाळीत त्यांच्या बंगल्यावर थांबायचे, आणि चहा गार आला म्हणून भिरकावलेली फाईल पाहुण्यांदेखत गोळा करायची. एकदा मी रविवारची सुट्टी मागितली, तर जेवणाच्या टेबलावर, सर्वांसमोर, ‘‘तुझ्या बापाचं ऑपरेशन कुणी केलं?’’ असा प्रश्न आला. वडील त्या वेळी हयात होते आणि दर फोनवर शेठना नमस्कार सांगायला विसरत नसत.

शेवटी एका वकिलांना गाठले. दुकाने व आस्थापनांविषयीच्या 2017 च्या राज्य कायद्यात तेव्हा दिवसाला नऊ तासांची मर्यादा होती आणि आठवड्याची सुट्टी आहे खरी; परंतु गोपनीय स्वरूपाच्या पदावरील माणूस त्यातून वगळलेला आहे, म्हणजे ज्या विश्वासाचा मला अभिमान होता त्यानेच माझे संरक्षण काढून घेतले होते. नियुक्तिपत्रातल्या ‘दोन वर्षे अन्य प्रतिस्पर्ध्याकडे नोकरी करणार नाही’ या अटीवर मात्र ते हसले. 1872 च्या करार कायद्याचे 27 वे कलम अशी अट निरर्थक ठरवते. खरा धोका धनादेशांचा होता, कारण बँकेला पैसे अडवायला सांगून भागत नाही; धनादेश न वटल्याचा खटला तरीही होऊ शकतो. देणेच उरलेले नाही, हे कागदोपत्री दाखवता आले पाहिजे.

म्हणून मी मेव्हण्याला जामीन ठेवून गावच्या पतसंस्थेतून कर्ज काढले आणि तीन लाख रुपये बँकेमार्फत, ‘2014 च्या उसनवारीची पूर्ण परतफेड’ असा शेरा लिहून, शेठच्या खात्यात पाठवले. त्याच दुपारी राजीनामा ईमेलने आणि पोचपावतीसह टपालाने गेला. पतसंस्थेचे व्याज जड होते, पण ती रात्री दोनला फोन करत नव्हती.

शिव्यांचे सतरा फोन आले. मी एकही उचलला नाही. दोन महिन्यांनी त्यांच्या चालकाने, आवाज खाली ठेवून, माझे प्रमाणपत्र दादर स्थानकाबाहेर आणून दिले. धनादेश परत आले नाहीत. त्या खात्यात मी अजूनही किमान शिलकेपेक्षा जास्त काही ठेवत नाही, आणि परतफेडीची पावती पदवीच्याच फाईलमध्ये लावली आहे.