बरारी घाटावरचे सोंस

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात जन्म गेलेल्या माझ्या मामांना डॉल्फिनचे अप्रूप नाही; समुद्रात होडीशेजारून उसळणारे डॉल्फिन त्यांनी असंख्य वेळा पाहिले आहेत. मात्र गोड्या नदीत राहणारा आणि जवळजवळ आंधळा असलेला डॉल्फिन असतो, हे त्यांना पटेना. म्हणून फेब्रुवारीत आम्ही दोघांनी कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून भागलपूरची गाडी पकडली.

बिहारमधील सुलतानगंज ते कहलगाव हे गंगेचे पात्र १९९१ पासून विक्रमशिला गांगेय डॉल्फिन अभयारण्य म्हणून राखलेले आहे. सकाळी बरारी घाटावरून नाव सुटली आणि पात्राच्या मध्यावर नावाड्याने इंजिन बंद केले. त्या शांततेत पाठीमागून एक दीर्घ उच्छ्वास ऐकू आला. आम्ही वळेपर्यंत पाण्यावर केवळ वलय उरले होते. इथले लोक या प्राण्याला सोंस म्हणतात, आणि ते नाव याच आवाजावरून पडले, असे नावाडी म्हणाला.

दोनदा असेच हुकल्यावर मामांनी प्रवाह वळसा घेत होता तिकडे बोट दाखवले. "तिथं बघ, पाणी फिरतंय. मासळी तिथंच जमणार." थोड्याच वेळात नेमका तिथेच सोंस वर आला: चिमट्यासारखी लांब चोच, तिच्या कडेने दिसणारे दात, करडी ओली पाठ आणि पंखाऐवजी बुटका उंचवटा. क्षणभरच! या प्राण्याच्या डोळ्यात भिंगच नसते. गढूळ गंगेत त्याचा उपयोगही फारसा झाला नसता. सोंस सतत आवाज सोडतो, परतणाऱ्या प्रतिध्वनींवरून मासा हेरतो आणि पुष्कळदा कुशीवर पोहतो.

घाटावर परतल्यावर वाळत घातलेले एक जाळे मामांनी चिमटीत धरून पाहिले. "हेच नायलॉन आपल्याकडंबी," ते हळू आवाजात म्हणाले. अशा जाळ्यात अडकलेल्या सोंसाला श्वासासाठी वर येता येत नाही आणि तो पाण्यातच गुदमरतो. त्याच्या चरबीचे तेल मासे पकडण्यासाठी आमिष म्हणून वापरले जाई, हे नावाड्याकडून ऐकल्यावर मामा बराच वेळ गप्प राहिले. धरणे आणि बंधाऱ्यांनी नदीचे तुकडे पडल्यामुळे सोंसांचे कळपही एकमेकांपासून तुटले आहेत. २००९ साली केंद्र सरकारने याला राष्ट्रीय जलचर ठरवले. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या गणनेनुसार देशात नदीतील डॉल्फिन अंदाजे ६,३२७ आहेत, त्यांपैकी २,२२० बिहारमध्ये. आणि बियास नदीत सिंधू डॉल्फिन अवघे तीन. हा शेवटचा आकडा मी मामांना दोनदा वाचून दाखवला, कारण त्यांना तो चुकीचा छापला असावा असे वाटले.

दुसऱ्या दिवशी मामांच्याच आग्रहावरून आम्ही पुन्हा नावेत बसलो. धुके इतके दाट होते की पलीकडचा काठ दिसेना, म्हणून मामा डोळे मिटून बसले आणि ऐकू येणारा प्रत्येक श्वास अंगठ्याने बोटांच्या पेरांवर मोजू लागले. नाव घाटाला लागली तेव्हा ते अकरापर्यंत पोहोचले होते.