मोरांट्स कर्व्हवर ६६४४

कॅनडातल्या लेक लुईजच्या अलीकडे बो नदीला बिलगून रेल्वेमार्ग एक मोठं वळण घेतो, तेच मोरांट्स कर्व्ह. कॅनेडियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीचे छायाचित्रकार निकोलस मोरांट यांनी ते इतकं गाजवलं की त्यांचंच नाव त्याला पडलं. कॅल्गरीहून गाडीनं दोनेक तास. मालगाडीची वेळ कुणी सांगत नाही, त्यामुळे सकाळीच ठाण मांडावं लागतं. पूर्वेकडे निघालेली गाडी मिळाली, तर कोवळं ऊन थेट इंजिनाच्या तोंडावर येतं.

मला हवं होतं ६६४४ नंबरचं इंजिन. हा नंबर म्हणजे तारीख आहे: ६ जून १९४४, डी-डे, म्हणजे दोस्त सैन्यांच्या फ्रान्सवरच्या चढाईचा दिवस. त्या दिवशी नॉर्मंडीच्या जुनो किनाऱ्यावर सुमारे १४ हजार कॅनेडियन सैनिक उतरले. ११ नोव्हेंबर २०१९ ला, हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी, कंपनीनं लष्करी रंगांतली पाच इंजिनं लोकांसमोर आणली, त्यातलं हे एक.

हॉर्न ऐकू आला आणि कंटेनरची लांबलचक गाडी ओढत तेच समोर आलं! स्पिटफायर विमानासारखे हिरवे-राखाडी पट्टे, वर काळे-पांढरे, उभे, ठसठशीत पट्टे. मागच्या बर्फामुळे गडद इंजिन फोटोत काळंठिक्कर येतं, म्हणून एक्स्पोजर थोडं वाढवून ठेवलं होतं. केबिनवरचा नंबर स्वच्छ आला. आपल्याच तोफांनी आपली विमानं पाडू नयेत, म्हणून चढाईच्या तोंडावर हे काळे-पांढरे पट्टे विमानांवर घाईघाईनं मारले होते, कित्येकदा साध्या ब्रशनं. इंजिनावरचे पट्टे मात्र अगदी आखीव आहेत. थोडे वेडेवाकडे असते तर मला जास्त आवडले असते.

आता ओढ आहे ती ऑलिव्ह हिरव्या इंजिनाची, दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी गाड्यांच्या रंगाची. त्या ओढीमागे त्याच युद्धातली एक गोष्ट आहे. मे १९४४ मध्ये इटलीत कासिनोजवळ गारी नदी ओलांडताना आठव्या भारतीय डिव्हिजनच्या सोबतीला कॅल्गरी रेजिमेंटचे रणगाडे होते. एका रणगाड्यावर अख्खा बेली पूल (सुटे भाग जोडून उभारायचा लष्करी पूल) लादून तो नदीवर ढकलला गेला. याच डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती, आणि तिच्यातल्या शिपाई नामदेव जाधवांना एप्रिल १९४५ मधल्या सेनियो नदीवरच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कॅल्गरीत राहणाऱ्या मराठी माणसानं त्या इंजिनासाठी वाटेल तितका वेळ थांबावं, असं मला मनापासून वाटतं.