तिसरा गट

मी तलाठी. माझ्या सजातल्या, म्हणजे माझ्याकडे असलेल्या गावांपैकी एका गावचा माणूस टेम्पोभर गांजा नेताना पकडला गेला, त्याला आठ महिने झाले होते. माल वीस किलोच्या वर, म्हणजे कायद्यातलं व्यावसायिक प्रमाण. शिक्षा दहा ते वीस वर्षं. ते कोर्ट बघेल, तलाठ्याचा काय संबंध, असंच मी धरून चाललो होतो. एका सोमवारी तपास अधिकारी चावडीत आले आणि त्यांनी यादी पुढे ठेवली. जमिनीचे तीन गट, एक घर, एक ट्रॅक्टर. तिन्ही गट त्याच्या बायकोच्या नावावर.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात 1989 साली मालमत्ता सरकारजमा करण्याचं प्रकरण आलं. नशेच्या पैशातलं शेत बायकोच्या, भावाच्या नावावर केलं तरी सुटत नाही. पोलिसांनी गोठवणीचा आदेश काढला की तीस दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याने तो कायम करावा लागतो, नाहीतर तो गळून पडतो. पुढे नोटीस येते, आणि जमीन कष्टाची आहे हे ज्याला नोटीस आली त्यानेच सिद्ध करायचं. मला हा कायदा पटतो. गावातली दोन पोरं गांजापायी शाळा सोडून बसली, त्याच वर्षी या घरावर दुसरा मजला चढला.

साहेबांना सातबारे हवे होते. मी प्रिंट काढल्या, शिक्का उचलला, आणि तिसऱ्या उताऱ्यावर थांबलो. पहिल्या दोन गटांवर नावापुढचे फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, अलीकडचे, खरेदीखताचे. याचा फेरफार क्रमांक फारच जुना होता. कपाटातून वही काढली. शिवण सुटलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण 2007 ची नोंद शाबूत होती: वडील मयत, वारस म्हणून मुलीचं नाव, खाली मंडळ अधिकाऱ्याची सही.

कोतवालाला पाठवून बाईंना बोलावलं. त्या पत्र्याची पेटी काखेत मारून आल्या. आत वडिलांचा मृत्यूचा दाखला, कापूस विकल्याच्या पट्ट्या, सोसायटीचं पासबुक, सगळं एका फडक्यात बांधलेलं.

"ताई, बाकीच्या दोन गटांचे कागद?"

"ते त्यांनी घेतलं, भाऊसाहेब. मला नुसतं अंगठा द्यायला तालुक्याला नेलं होतं."

साहेब वहीवर वाकून नोंद दोनदा वाचत होते. म्हणाले, अटकेच्या आधीच्या सहा वर्षांपलीकडचं सरकारजमा करता येत नाही, आणि हे तर बापाचं आहे. फेरफाराची नक्कल त्यांनी मागून घेतली. शिक्का मारून तिन्ही उतारे तसेच दिले असते तर ती वही कपाटातच राहिली असती. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

आदेश आला तेव्हा त्यात दोनच गट होते. हस्तांतरणास मनाई, अशी नोंद मी त्या दोन्हींच्या इतर हक्कांत घेतली. आठवड्याने बाई तिसऱ्या गटाचा उतारा घ्यायला आल्या. वाचता येत नव्हतं, म्हणून इतर हक्कांच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथं काय लिवलंय?"

"सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा."

"आणखी?"

"आणखी काही नाही, ताई."

त्यांनी उताऱ्याची चौपदरी घडी केली आणि पेटीत, बापाच्या दाखल्याखाली ठेवली.